सोडलेली उधारी

दादाचं प्लायवूडचं दुकान होतं आणि धाकटा भाऊ सुतार. दुकानातून उधारीवर उचललेल्या मालाचे पैसे थकले, तेव्हापासून दादा घरी येणार म्हटलं की धाकट्याची बायको नवा टेबलफॅन पलंगाखाली सरकवायची.

शेवटी दादाच म्हणाला, "निम्मे दे, बाकीचे सोडले. सख्ख्या भावापासून किती दिवस तोंड लपवशील?"

धाकट्याने लाकूड कापायचं यंत्र विकून निम्मे पैसे चुकते केले. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी दोघे भाऊ एका ताटात जेवले.

पुढे कर सल्लागाराने धाकट्याला सांगितलं, "दादांनी सोडलेली रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाईल. तिच्यावर कर बसेल."

"अहो, माझ्या हातात एक पैसा आला नाही!"

"मालाचा पूर्ण खर्च तुम्ही आधीच दाखवलाय ना? त्यातले निम्मे तुम्ही दिलेच नाहीत. म्हणून ते आता उत्पन्न."

यंत्रही गेलेलं. कर भरायचा कशातून? धाकट्याची झोप उडाली. दादाला हे कळलं तसा तो हातातलं गिऱ्हाईक सोडून धावत आला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला,

"एवढंच ना? मी आहे ना, वेड्या! उसने घे माझ्याकडून. सवडीने फेड."