आधी रेडिओ बंद करा

सकाळपासून आमच्या रेडिओ केंद्रावर न्यूझीलंडभरातून पुराचे फोन येत होते. आमचं बोलणं काही सेकंद उशिरा प्रसारित होतं, म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकाला निवेदक डेस्मंड आधी एकच सांगतो.

"नायरीबाई, आधी घरातला रेडिओ बंद करा. माझाच आवाज मला परत ऐकू येतोय."

"तो माझ्या हातात नाहीये. मी कुत्र्यांना खायला घालायला बाहेर आले आणि दरड घरावर आली. रेडिओ आत बेवनच्या, माझ्या नवऱ्याच्या उशाशी आहे. मातीखालून फक्त तुम्ही ऐकू येताय."

"मदत पाठवतोय, बाई."

"रस्ताच वाहून गेलाय. तुम्ही एवढंच करा, त्याला रेडिओ बंद करायला सांगा. बंद झाला की मी समजेन, तो जिवंत आहे."

लोकांनी आपला रेडिओ बंद करू नये म्हणून आयुष्यभर घसा फोडणारा डेस्मंड माइकवर ओणवला.

"बेवन, बंद कर बाबा. बायको बाहेर उभी आहे तुझी."

काही सेकंदांनी नायरीच्या फोनमधून डेस्मंडचंच वाक्य परत आलं.

त्याने पुन्हा सांगितलं. तेही परत आलं.