समुद्राचा तळ

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरल्या जीवाश्मांच्या खडकावर पाय ठेवायचा तर बूट काढावे लागतात. गाईड नोरीनने सख्ख्या बापालाही सोडलं नाही. “मेलेल्यांचा केवढा हा थाट!” कुरकुरत म्हाताऱ्याने रबरी बूट काढले. मोज्यांखाली पानांसारखे ठसे पसरले होते. “बाबा, कोट्यवधी वर्षांपूर्वी हा समुद्राचा तळ होता. हे जीव नुसते उभे असायचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग तळ खरवडून खाणारे प्राणी आले, यांचा निर्वंश झाला.” जन्मभर म्हातारा मासेमारीच्या ट्रॉलरवर राबला होता. कॉड मासा संपला तसं गावही रिकामं झालं; उद्या तोही घराला कुलूप लावून लेकाकडे अल्बर्टाला निघणार होता. “आमची जाळीही तळ खरवडतच जायची,” तो मोज्यांकडे बघत म्हणाला. “गाभोळीने भरलेली मासळीसुद्धा ओढून आणली. आम्हाला तेव्हा कुणीच म्हटलं नाही, बूट काढा.”