दुसऱ्यांदा धुतलेल्या बरण्या

"ही तर धुतलेली हाय की मावशी," सबिना म्हणाली.

सबिनाने तपासून पुढे सरकवलेल्या कॅरेटमधून बयाबाईने आणखी एक बरणी उचलली, आत ब्रश घातला आणि घासायला लागली. सकाळपासूनची ही अकरावी.

शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागे, बंद पडलेल्या लेथच्या कारखान्यात संयोगिताने हे काम सुरू करून तीन वर्षं झाली होती. शहरातल्या बारा दुकानांतून तुपाच्या, मधाच्या, दह्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या इथे यायच्या. सोड्याच्या गरम पाण्यात भिजायच्या, घासल्या जायच्या, दिव्यासमोर धरून तपासल्या जायच्या आणि मग वाफेच्या पेटीत जायच्या. पेटीतून निघाल्या की झाकणं लावून परत दुकानात, नव्याने भरायला.

बरण्या घासणं आणि पेटी भरणं बयाबाईकडे होतं. तपासणी सबिनाकडे. वाफेने जंतू मरतात, पण काचेला चिकटलेलं तूप तसंच राहतं. म्हणून पेटीआधीची तपासणी महत्त्वाची, हे संयोगिताने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तीन वर्षांत एकही बरणी खराब म्हणून परत आली नव्हती. सबिनाला त्याचा अभिमान होता.

आता मात्र दोघीही थकल्या होत्या. सोड्याने बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. वाफेने खोली सतत दमट असायची. दुपारनंतर सबिनाचं डोकं ठणकायला लागायचं. ती कपाळाला ओढणी घट्ट बांधून बरण्या फिरवत राहायची. बयाबाई साठीच्या पुढची. गडमुडशिंगीहून सकाळच्या बसने यायची आणि दिवसभर उभी असायची.

गेल्या काही महिन्यांत तिचं हे नवीनच सुरू झालं होतं. स्वच्छ बरण्या परत घासायच्या. त्यात पेटी अर्धी रिकामी राहायची, माल उशिरा निघायचा. राजारामपुरीतल्या एका दुकानदाराने तर सांगूनच टाकलं होतं, वेळेवर बरण्या येणार नसतील तर तो परत प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर जाणार.

"मावशी, जरा आवरा की," सबिना म्हणाली.

"आवरते गं." बयाबाईने बरणी पालथी घातली. मग दाराबाहेर बघत म्हणाली, "मुबशिरा आली बघ तुझी."

सबिनाने बोळाकडे पाहिलं. कुणीच दिसलं नाही. थोड्या वेळाने तिची मुलगी डबा घेऊन दारात उभी राहिली. मुबशिरा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. सबिनाचा नवरा आरिफ गेल्यापासून घर या बरण्यांवरच चाललं होतं.

शनिवारी संयोगिताने सबिनाला बाजूला बोलावलं. तीही दमलेली दिसत होती. "भाभी, खरं सांगा. उशीर कुठं होतोय?"

सबिनाने ओढणीला हात पुसले. बयाबाईनेच तिला हे काम मिळवून दिलं होतं. आरिफच्या आजारपणात महिनाभर दुसरा डबाही बांधून आणला होता.

"भाभी, दुकानं गेली तर मला हे बंदच करावं लागंल."

"मावशींची नजर गेलीया ताई," सबिना शेवटी म्हणाली. "मी बघून दिलेल्या स्वच्छ बरण्या त्या परत घासत्यात. दिवसाला वीस-पंचवीस. मला बोलवत न्हाय त्यांना."

संयोगिताने बयाबाईला आत बोलावलं. "मावशी, तुम्हाला नीट दिसत नाही का?"

बयाबाईने सबिनाकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. सबिनाने मान खाली घातली.

"व्हय बाई," बयाबाई म्हणाली. "दिसंना झालंय मला आता."

"मग आधी का नाही बोललात?"

"काम जाईल म्हणून न्हाय बोललं माणूस."

तिने आपला डबा उचलला, पदराने हात पुसले. जाताना सबिनाच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरीचं शिक्षण पुरं कर," एवढंच म्हणाली.

सबिना रविवारभर जेवली नाही. मुबशिराने विचारलं तर ॲसिडिटी झालीय म्हणाली.

सोमवारी बयाबाईच्या जागी नवी बाई आली, शालूबाई. सांगितलं तेवढंच काम करणारी. सबिनाने तपासलेली बरणी तिने उचलली की थेट पेटीत. चारच्या आत सगळा माल बाहेर पडला. मंगळवारी तर तीनलाच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सबिना चहा गरम असताना प्यायली. मावशीची आठवण आली, पण चूक केली असं वाटेना.

बुधवारी दुपारी संयोगिता टेम्पोसोबत आली. मागे सहा कॅरेट होती, दुकानांनी परत पाठवलेली, झाकण लावलेल्या रिकाम्या बरण्यांची. ती ओरडली नाही. एक बरणी काढून तिने झाकण उघडलं आणि सबिनाच्या हातात दिली.

"भाभी, एवढी तपासून बघा."

सबिनाने बरणी दिव्यासमोर धरली. सावकाश फिरवली. उलटी करून तळ पाहिला. नेहमी पाहायची तसाच.

"स्वच्छ हाय की ताई. काय झालं?"

संयोगिताने तिच्या हातून बरणी घेतली, आत दोन बोटं घातली, कडेने फिरवली आणि तीच बोटं सबिनाच्या तळहातावर टेकवली.

सबिनाच्या हाताला तूप लागलं.