झाकण

"झाकण उघडलं की मशीन थांबतं, हे चालणार नाही," चंद्रप्रकाशशेठ म्हणाले. घाटकोपरला त्यांचा फरसाणाचा कारखाना. पीठ मळायचं हे मशीन त्यांच्यासाठीच अंधेरीच्या या गाळ्यात बनलं होतं. "दर वेळी पीठ टाकायला थांबायचं, तर माल निघणार कधी?"

"थांबायचं कशाला? झाकणाला जाळी आहे. पीठ वरून टाका," गार्गी म्हणाली. डिझाइन तिचं होतं.

"कारखान्यातल्या बायकांना जुनीच सवय आहे."

"त्याच सवयीने तुमच्या चंपाबाईंची बोटं गेली ना?"

गाळ्याचा मालक मुकुल घाईघाईने मध्ये पडला. तो धंदा बघायचा. डिझाइन गार्गीवर सोडलेलं.

"शेठ, किरकोळ काम आहे. झाकणाच्या स्विचला वायर मारली की उघडंही चालेल. भीमराज, वायर आण रे," त्याने कारागिराला हाक मारली.

"नको आणूस," गार्गी म्हणाली. "स्विचच नाहीये."

मुकुलने वाकून पाहिलं. खरंच नव्हता. झाकण बसलं की त्याच्या वजनाने एक दांडा दबायचा, आणि तो दबला तरच मोटरचा जोर पात्यापर्यंत पोहोचायचा. झाकण उचललं की मोटर नुसतीच फिरत राहायची.

"वाट लावलीस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू स्विच लावायला सांगितलं असतंस. आणि पहिल्याच दिवशी त्याला वायर लागली असती."

"ऑर्डर जाईल, गार्गी."

"जाऊ दे. उघडं फिरणारं मशीन मी बनवणार नाही. शेठ, दुसरं कुणी बनवत असेल तर खुशाल घ्या."

शेठचा पारा चढला. त्यांनी मशीन सुरू केलं. पातं पिठात गरगरलं. मग त्यांनी खाडकन झाकण वर केलं. पातं जागीच थांबलं.

"एक बाई वेंधळी निघाली म्हणून सगळ्यांना शिक्षा? अहो, चालू मशीनमध्ये शहाणा माणूस कधी हात घालतो का?"

बोलता बोलता त्यांनी पात्याला चिकटलेलं पीठ बोटांनी खरवडलं. चिमटीत दाबून पाहिलं. जरा घट्ट वाटलं, म्हणून पुन्हा मनगटापर्यंत हात आत घातला.

मुकुल बघतच राहिला. खालून घूं घूं आवाज येत होता.

"शेठ," गार्गी म्हणाली, "मोटर चालू आहे."

शेठचा हात पिठात होता तिथेच राहिला.