गैरहजराच्या नावावर

घणाचा पहिला घाव मीटिंगरूमच्या काचेवर बसला, दुसरा साहेबांच्या लॅपटॉपवर, आणि साहेब लॅपटॉप वाचवायला गेल्यामुळे तिसरा साहेबांच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज पनवतीला टेबलाखाली स्वच्छ ऐकू आला.

पनवती हे काही तिचं खरं नाव नव्हतं. कंपनी सॉफ्टवेअर बनवायची आणि त्यात काय काय बिघडू शकतं याची यादी ठेवणं ही तिची नोकरी होती. सगळं सुरळीत चाललेलं असताना ‘पण समजा’ म्हणण्याचा पगार घेणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार?

घणही तिच्यामुळेच आला होता. धोका क्रमांक बावीस: आगीत दार अडकणे. उपाय: घण ठेवणे. तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. आता पोट धरून फक्त सिक्युरिटीवाला बसला होता, कारण घणाचा दांडा त्याच्या पोटात गेला होता.

“बाराच्या आत थांबवा!” घण चालवणारा ओरडला.

तो मौनीबाबा होता. चार वर्षं कोपऱ्यात बसून प्रोग्राम लिहिणारा आणि ‘हं’च्या पलीकडे न जाणारा माणूस. त्याचा आवाज एवढा चांगला आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

“डोकं फिरलंय का तुझं?” साहेब मनगट छातीशी धरून किंचाळले. “तीनशे इमारती वाट बघतायत!”

बारा वाजता त्यांचा नवा प्रोग्राम तीनशे इमारतींच्या लिफ्टमध्ये आपोआप जाणार होता. थांबवायचा पासवर्ड एकट्या साहेबांकडे होता. आणि यादीत क्रमांक नऊ होता: लिफ्ट येण्याआधीच दार उघडणे. तो मौनीबाबानेच शोधला होता, पनवतीने लाल रंगात लिहिला होता. काल साहेब म्हणाले, “बाई, ही यादी आहे की गोवर? जरा पिवळं करा ना.” तिने पिवळं केलं. साहेब तळमजल्यावर राहायचे. पनवतीची आई त्या तीनशेंपैकीच एका इमारतीत अकराव्या मजल्यावर राहायची आणि तिला नीट दिसायचं नाही. टिंग वाजलं की ती पाऊल टाकायची.

काल रात्रभर त्या टिंगने पनवतीला झोपू दिलं नव्हतं. सकाळी ती वेळेवर कामावर आली होती.

टेस्टिंगवाला खुर्ची घेऊन मागून धावला. मौनीबाबाने न बघताच कोपर मागे मारलं. टेस्टिंगवाल्याचे दोन दात फरशीवरून घरंगळत टेबलाखाली आले आणि पनवतीच्या चपलेपाशी थांबले. तिने पाय आखडून घेतला. त्याचबरोबर तिच्या मांडीवरची छापील यादी उघडली.

प्रत्येक धोक्यापुढे एका जबाबदार माणसाचं नाव लागायचं. कोणी हौसेने पुढे येत नसे, म्हणून एक रीतच पडली होती: मीटिंगला जो नसेल त्याच्या गळ्यात मारायचं. मौनीबाबा सहसा मीटिंगला नसायचा, कारण बिघडलेलं दुरुस्त करत बसलेला असायचा. बेचाळीसपैकी एक्केचाळीस धोके त्याच्या नावावर होते.

नवव्या ओळीत तिचंच अक्षर होतं. उपाय: जबाबदार व्यक्तीने कोणत्याही मार्गाने काम थांबवावे. रकाना मोकळा ठेवता येत नाही म्हणून तिने ते खरडलं होतं. खाली साहेबांची सही होती.

मौनीबाबाने यादीतल्या आपल्या नावाच्या ओळी वाचल्या होत्या. चार वर्षांत तेवढंही वाचणारा तो पहिला माणूस होता.

तोवर त्याने प्रोग्राम पाठवणाऱ्या मशीनच्या खोलीचं दार फोडलं. पाच घावांत मशीनचा चुराडा झाला. मग घण खाली ठेवून त्याने हात वर केले आणि सहा जण त्याच्यावर तुटून पडले. बुटांनी, कीबोर्डने, एकाने तर कुंडीने. त्याची भुवई फुटली, बरगडी वाजली. रक्ताने माखलेल्या तोंडाने तो हसत होता.

साहेबही हसले.

“झालं का समाधान? पलीकडच्या खोलीत दुसरं मशीन आहे, राजा. हे मेलं की ते आपोआप चालू होतं.”

मौनीबाबाचं हसू ओसरलं. “कोणी ठेवलं?”

“आपल्या पनवतीच्या यादीतलं. धोका क्रमांक चार: मशीन बंद पडणे. बाईंचं काम पक्कं असतं.”

पनवती टेबलाखालून बाहेर आली. भिंतीवर बाराला तीन मिनिटं कमी होती.

“साहेब, थांबवा ना. माझी आई...”

“पुढच्या आठवड्यात सुधारू. तोवर आईंना जिना वापरायला सांगा, व्यायाम होईल.”

तिने आईला फोन लावला. आईने तो कट केला. मग मेसेज आला. आई टाइप करत नसे, बोलूनच पाठवायची: “पोचतेय तुझ्याकडे डबा घेऊन. लिफ्टपाशी उभी आहे.”

क्रमांक चारपुढे जबाबदार म्हणून एकच नाव होतं. बेचाळिसातलं ते एकटंच नाव मौनीबाबाचं नव्हतं. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं त्या दिवशीची ती मीटिंग.

तिने घण उचलला. तो वाटला होता त्यापेक्षा जड होता आणि दांडा ओला होता. साहेब दुसऱ्या खोलीच्या दारात आडवे उभे राहिले, मोडलेला हात पुढे करून.

“बाजूला व्हा, साहेब,” ती म्हणाली. “त्या मीटिंगला मी गैरहजर होते.”