नावं पुसलेली मुलगी

सत्काराच्या मंचावर पत्रकाराने मयूरीला विचारलं, "राज्यात पहिली आलीस. काय वाटतंय?"

मयूरी वडिलांकडे बघत राहिली. त्यांनीच माइक ओढून घेतला. "आनंद, दुसरं काय! शब्द सुचत नाहीत पोरीला."

"सुचतील कसे?" खालून तिची आई, रत्नमाला, ओरडली. "अकरावीत क्लासमध्ये नेऊन इंजेक्शन टोचून आणलंत ना तिला! भावनांची नावं डोक्यातून पुसली, की तेवढी जागा गणिताला मिळते म्हणे. आजी गेली तेव्हा पोर नुसती पाणी पीत बसली होती. आणि तुम्ही चौकाचौकात फ्लेक्स लावताय?"

मंचावर बसलेले क्लासचे संचालक हसले. "ताई, हुशार मुलं अशीच असतात. कमी बोलतात."

रत्नमालाने हातातला हार त्यांच्या तोंडावर फेकला. तिचे ओठ थरथरत होते.

मयूरी मंचावरून खाली उतरली. आईचा चेहरा निरखत तिनं विचारलं, "आई, तुला हे जे होतंय, त्याला काय म्हणतात?"

"राग म्हणतात, बाळा."

"मग मलाही रोज तेच होतं," मयूरी वडिलांकडे वळत म्हणाली. "बाबांना बघितलं की. मला वाटायचं, भूक लागलीय."