गाळलेला तुकडा

बँडचा पहिला अल्बम आला आणि इलेक्ट्रिक व्हायोलिन वाजवणारी ती फोनला चिकटूनच बसली. लोकांचं कौतुक वाचून हरखली होती, तेवढ्यात एका बिननावाच्या श्रोत्यानं आनंदावर विरजण घातलं.

"गाणी बरी आहेत. पण व्हायोलिन म्हणजे विजेचा झटका बसलेलं मांजर! शेवटच्या गाण्यातला तो रडका तुकडा गाळलात, तेवढी कृपा केलीत."

तिचे डोळे भरून आले. नवरा शेजारी येऊन बसला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागला. "अगं, ज्यांना सूर कळत नाही त्यांच्या नादी काय लागतेस?"

डोळे पुसून तिनं ते पुन्हा वाचलं. तो तुकडा तर तिनं बँडलासुद्धा ऐकवला नव्हता. घरीच बसवला, घरीच गाळला.



ऐकवला होता एकालाच, आणि त्याचा हात अजून तिच्या पाठीवरून फिरत होता.